कोठडीतला माणूस आणि संसदेचा राहिलेला शब्द : महाराष्ट्रातील संसद सदस्यांना सोलापुरातून खुले पत्र

माननीय सदस्यहो,

इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांच्यातील संघर्षावर ऑक्टोबर २०२३ पासून महाराष्ट्रात जो वाद चालला आहे, तो सभागृहात असो, वर्तमानपत्राच्या स्तंभात असो की चौकातल्या कट्ट्यावर, बहुधा एकाच ठिकाणी येऊन अडतो, आणि ते ठिकाण म्हणजे बंदिवासातल्या माणसांचा प्रश्न. हमास आणि तिच्या साथीदार संघटनांनी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुमारे १,२०० माणसे मारली आणि २५१ जणांना ओलीस म्हणून गाझात ओढून नेले, याची आठवण एक पक्ष करून देतो. इस्रायलच्या तुरुंगांत आणि लष्करी छावण्यांत हजारो पॅलेस्टिनी माणसे आरोपपत्राविना डांबली गेली आणि त्यांतली कित्येक तिथेच मेली, हे दुसरा पक्ष दाखवून देतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, परंतु त्या सांगितल्या जातात त्या एकमेकींना खोडण्यासाठी, त्यामुळे एका कोठडीतला अत्याचार दुसऱ्या कोठडीतल्या अत्याचाराच्या वजावटीला लावला जातो आणि दोन्ही कोठड्यांतली माणसे हिशेबातून निघून जातात. या वादात आणखी एका मताची भर घालणे हा प्रस्तुत पत्राचा हेतू नाही. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ असे ६७ सदस्य दिल्लीत जातात, आणि या प्रश्नाचा एक भाग पूर्णपणे त्यांच्या आवाक्यातला आहे. त्याला तेल अवीव, गाझा किंवा वॉशिंग्टन यांपैकी कोणाचीही परवानगी लागत नाही, आणि तरीही तो १९९७ पासून तसाच पडून आहे.

हा भाग म्हणजे छळविरोधी करार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९८४ रोजी स्वीकारलेला हा करार छळाची व्याख्या नेमकेपणाने करतो : कबुली किंवा माहिती काढण्यासाठी, शिक्षा म्हणून किंवा धाक बसवण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याने स्वतः, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी, जाणूनबुजून दिलेली तीव्र शारीरिक वा मानसिक यातना म्हणजे छळ. युद्ध, युद्धाचा धोका, अंतर्गत अस्थैर्य किंवा अन्य कोणतीही आणीबाणी हे छळाचे समर्थन ठरू शकत नाही, असे त्याच्या दुसऱ्याच अनुच्छेदात बजावले आहे. इस्रायलने या कराराचे अनुसमर्थन १९९१ मध्ये केले आणि पॅलेस्टाईन एप्रिल २०१४ मध्ये त्यात सामील झाले. भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी करारावर सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतर देशाने आपण या कराराने बांधले गेलो आहोत असे विधिवत कळवणे, हा पुढचा टप्पा भारताने कधीच गाठला नाही. ज्या दोन पक्षांच्या कोठड्यांबद्दल महाराष्ट्रात तावातावाने बोलले जाते ते दोघेही निदान कागदावर बांधील आहेत, आणि बोलणारा देश मात्र कागदावरही मोकळा आहे, ही स्थिती संसदेला लाजिरवाणी वाटत नसेल तर तिची कारणे तरी संसदेने सांगायला हवीत.

हे पत्र सोलापुरातून लिहिले जाण्यामागे इतिहास आहे. ५ मे १९३० रोजी महात्मा गांधींना जी अटक झाली ती कोणत्याही गुन्ह्याच्या आरोपाखाली झालेली नव्हती. मुंबई इलाख्याचे १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन, म्हणजे ज्याच्यावर खटला भरणे सरकारला गैरसोयीचे आहे अशा माणसाला राजकैदी ठरवून मुदतीविना अटकेत ठेवण्याची मुभा देणारा कंपनी सरकारच्या काळातला नियम, त्यांच्यावर लावण्यात आला आणि त्यांची रवानगी येरवड्याला झाली. प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना याच नियमाखाली खटल्याविना डांबण्यात आले होते. गांधींच्या अटकेची बातमी येताच सोलापुरातले गिरणी कामगार रस्त्यावर उतरले; ८ मे रोजी गोळीबार झाला आणि त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला; चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी आणि न्यायालयाची इमारत पेटवली व काही पोलिसांना ठार केले. त्यानंतरचे काही दिवस शहरातून सरकारी अंमल जवळजवळ उठला, आणि १२ मे ते ३० जून या काळात सोलापूरवर लष्करी कायदा, म्हणजे नेहमीची न्यायव्यवस्था बाजूला सारून सेनाधिकाऱ्याच्या हुकमाने चालणारा अंमल, लादण्यात आला. गांधी टोपी घालणे आणि तिरंगा बाळगणे हे त्या दिवसांत शिक्षेचे कारण होते. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले.

दर जानेवारीत चार हुतात्मा चौकात हार घातले जातात आणि भाषणे होतात, परंतु या इतिहासातली मूळ गोष्ट भाषणांत क्वचितच येते : सोलापूर पेटले ते एका माणसाला खटल्याविना तुरुंगात टाकल्यामुळे. दुसरीही एक गोष्ट टाळली जाते, ती म्हणजे त्या दिवशी मारले गेलेले पोलीसही हाडामांसाची माणसे होती आणि त्यांची नावे या शहरात कोणाच्या ओठांवर नाहीत. सोलापूर चौघांना निर्दोष मानते आणि तत्कालीन सरकारने त्यांना खुनी ठरवले. लष्करी कायद्याच्या सावलीत झालेल्या न्यायाने या दोन दाव्यांमधले अंतर मिटले नाही, कारण दडपशाहीच्या दिवसांत गोळा केलेल्या पुराव्यावर पराभूत पक्ष कधीच विश्वास ठेवत नसतो. याच घटनांतून उद्भवलेल्या चनप्पा शांतिरप्पा खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने असे तत्त्व मांडले की गरज हाच लष्करी कायद्याचा एकमेव आधार असून ती गरज खरोखर होती की नव्हती हे तपासण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. इस्रायलमधल्या न्यायालयांपुढे आज जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो तो यापेक्षा वेगळा नाही.

तो सारखा असण्याचे कारण योगायोग नव्हे, कूळ आहे. १९३६ ते १९३९ च्या अरब उठावाच्या वेळी ब्रिटिशांनी पॅलेस्टाईनमध्ये जे आणीबाणीचे अधिकार स्वतःकडे घेतले, त्यांचे १९४५ मध्ये संरक्षण (आणीबाणी) नियमावलीत एकत्रीकरण झाले. खटल्याविना अटक, लष्करी न्यायालये, घरे पाडणे, संचारबंदी आणि हद्दपारी या साऱ्यांची तरतूद तिच्यात होती, आणि तोवर तिचा रोख ज्यू भूमिगत संघटनांकडे वळलेला होता. १९४६ मध्ये पॅलेस्टाईनमधल्या ज्यू वकिलांनी या नियमावलीचा अत्यंत कडक शब्दांत निषेध केला, आणि तो करणाऱ्यांतले एक, याकोव शिम्शोन शपिरा, पुढे इस्रायलचे पहिले ॲटर्नी जनरल आणि नंतर न्यायमंत्री झाले; नियमावली मात्र १९४८ मध्ये नव्या राष्ट्राच्या कायद्यात तशीच उतरली. १९६७ नंतर पश्चिम किनाऱ्यावर लष्करी हुकमांनी प्रशासकीय स्थानबद्धतेची पद्धत चालवली गेली. प्रशासकीय स्थानबद्धता म्हणजे घडलेल्या गुन्ह्यासाठी नव्हे तर पुढे काही घडेल या संशयावरून, आरोपीला व त्याच्या वकिलाला न दाखवलेल्या पुराव्याच्या आधारे, सहा महिन्यांपर्यंत आणि पुन्हा पुन्हा वाढवता येणारी अटक होय. गाझातून पकडलेल्यांसाठी २००२ चा बेकायदा लढवय्यांविषयीचा वेगळा कायदा आहे आणि त्यात वकिलाची भेटही दीर्घकाळ लांबवता येते.

इथवर वाचून कोणी भारताची पाठ थोपटू लागला तर ते घाईचे ठरेल. रौलट कायद्याविरुद्ध देश पेटवणाऱ्या पिढीनेच राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला जागा दिली आणि प्रजासत्ताक सुरू होऊन महिना होतो न होतो तोच, फेब्रुवारी १९५० मध्ये, तसा कायदा केला. पुढे मिसा हा स्थानबद्धतेचाच कायदा आला, आणीबाणीत येरवड्याच्या बराकी विरोधी कार्यकर्त्यांनी भरल्या, आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांच्या एकट्याच्या विरोधी मताखेरीज या अटकांबाबत सरकारची बाजू उचलून धरली. मिसा गेला, पण १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आणि महाराष्ट्राचा १९८१ चा झोपडपट्टी दादा वगैरेंना रोखणारा कायदा आजही वापरात आहेत. धन्याला घालवून त्याच्या किल्ल्या खिशात ठेवण्याचे काम दोन्ही देशांनी केले.

सोलापुराला तर खटल्याविना बंदिवासाचा याहूनही जुना परिचय आहे आणि तो एखाद्या नेत्याचा नव्हे, अख्ख्या जमातींचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सोलापुरात त्यांच्यासाठी काटेरी तारांची वसाहत उभी राहिली. मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींत तिची गणना होत असे. तारेच्या आतल्या माणसाला ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय बाहेर पडता येत नसे, आणि त्याच्या श्रमांची गिरण्यांना गरज होती म्हणून त्याला कामावर मात्र जाऊ दिले जाई. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या, तरी शहरातल्या वस्त्यांच्या पाट्यांवर 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव कायम आहे आणि चोरी झाली की पोलिसांची पहिली धाड आजही पारध्यांच्या पालांवर पडते. बेड्यांतल्या माणसाचा दोष त्याने काय केले यावरून नव्हे तर तो कोण आहे यावरून ठरवायचा, ही पद्धत सोलापूरकरांना दूरच्या देशाची वाटण्याचे कारण नाही.

आता या विषयावर बोलणेच कसे देशाबाहेरचे ठरते याचा एक अलीकडचा दाखला पाहता येईल. गाझाच्या प्रश्नावर आझाद मैदानात निदर्शने करण्यास मुंबई पोलिसांनी परवानगी नाकारली तेव्हा भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी) उच्च न्यायालयात गेला. जुलै २०२५ मध्ये ती याचिका फेटाळताना खंडपीठाने आपल्याच देशात पुरेसे प्रश्न आहेत, त्यांच्याकडे लक्ष द्यावे, अशा आशयाचे भाष्य केले. पुढे ऑगस्टमध्ये निदर्शने झाली ती गोष्ट वेगळी. न्यायालयाचा पूर्ण आदर ठेवूनही हे भाष्य महाराष्ट्राच्या परंपरेशी जुळत नाही असे म्हणणे भाग आहे. सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये जपानी आक्रमणाखालच्या चीनमध्ये जखमींवर शस्त्रक्रिया करायला गेले तेव्हा त्यांचा स्वतःचा देश पारतंत्र्यात होता, गिरण्यांतले मजूर अर्धपोटी होते आणि ग्रामीण भागात डॉक्टर मिळत नव्हते, म्हणजे आपल्या देशातले प्रश्न आजच्यापेक्षा काही कमी नव्हते. काँग्रेसने पाठवलेल्या त्या पाच डॉक्टरांच्या पथकातून कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच त्यांचा अंत झाला. सोलापूर आज त्यांचे स्मारक अभिमानाने दाखवते, आणि त्यांना कोणी देशाभिमान कमी असलेला म्हटल्याचे ऐकिवात नाही.

शिवाय हा संघर्ष मराठी माणसाला परका नाहीही. कोकणातून निघून इस्रायलमध्ये वसलेल्या बेने इस्रायल समाजाच्या घरांत मराठी बोलली जात आली आहे, त्यांनी तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये ज्यू धर्मगुरू, त्यांची पत्नी आणि त्यांचे पाहुणे यांना ओलीस धरून मारले गेले.

त्याच हल्ल्यातल्या एकमेव जिवंत पकडलेल्या हल्लेखोराचे पुढे काय झाले, हे या वादातल्या दोन्ही पक्षांनी नीट वाचण्यासारखे आहे. गिरगाव चौपाटीवर अजमल कसाबची बंदूक पोलीस कर्मचारी तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलत धरून ठेवली आणि तो हाती लागला; १६६ माणसांच्या मृत्यूनंतर त्याला तिथेच संपवावे असे वाटणारे लोक लाखोंनी असतील. त्याऐवजी त्याच्यावर आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात खटला चालला, त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला, ३ मे २०१० रोजी तो दोषी ठरला, उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने पुरावा पुन्हा तपासला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे सोलापूरचे होते. या खटल्याचे खरे मोल कसाबच्या शिक्षेत नाही; ते त्याच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या दोन भारतीयांच्या सुटकेत आहे. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद यांच्याविरुद्धचा पुरावा न्यायालयाला अपुरा वाटला आणि देश क्षोभाने पेटलेला असतानाही ते त्या आरोपातून निर्दोष सुटले. अटकेनंतर पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभ्या केलेल्या प्रत्येक आरोपीला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, हा दंडकही सर्वोच्च न्यायालयाने याच निकालात घालून दिला, म्हणजे देशातल्या सर्वांत तिरस्कृत कैद्याच्या खटल्यातून सामान्य कैद्याच्या हाती एक संरक्षण आले.

याच्या शेजारी ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल गाड्यांतील बॉम्बस्फोटांचा खटला ठेवावा. त्यात १८० हून अधिक प्रवासी मेले. तपासाचा मोठा भार होता तो कबुलीजबाबांवर, कारण १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, म्हणजे बोलीभाषेतल्या मोक्काने, पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून ग्राह्य ठरवली आहे, एरवी पोलिसापुढची कबुली न्यायालय मानत नाही. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने १२ ही आरोपींना निर्दोष सोडले आणि कबुलीजबाब छळ करून घेतल्याचे आरोपींचे म्हणणे ग्राह्य धरले. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला पायंडा म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, तरी सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. १९ वर्षांनी हाती उरले ते एवढेच की मृतांच्या नातेवाइकांना गुन्हेगार कोण हे कळलेले नाही, आणि ज्यांनी उमेदीची वर्षे तुरुंगात काढली त्यांना ती परत मिळणार नाहीत. थर्ड डिग्रीने तपास लवकर लागतो असे मानणाऱ्या प्रत्येक खासदाराने हे दोन निकाल एकापाठोपाठ एक वाचावेत; एकाच शहरातले, दोन वर्षांच्या अंतराने घडलेले हे दोन हल्ले आहेत.

इस्रायलमध्ये हाच वाद उघडपणे झडला आहे. १९८७ मध्ये लांडाऊ आयोगाने चौकशीत 'मध्यम शारीरिक दबाव' वापरण्यास मान्यता दिली. सप्टेंबर १९९९ मध्ये सरन्यायाधीश अहारोन बराक यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाने जोरजोरात गदागदा हलवणे, वेड्यावाकड्या स्थितीत तासन् तास बांधून ठेवणे, झोपू न देणे या पद्धती बेकायदा ठरवल्या, मात्र एखाद्या अधिकाऱ्यावर खटला झालाच तर त्याला 'अपरिहार्यते'चा बचाव घेण्याची फट मोकळी ठेवली. त्या फटीतून किती काही आत शिरू शकते हे ऑक्टोबर २०२३ नंतर दिसले. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला पॅलेस्टिनी बंद्यांना भेटू देणे थांबले. नेगेवमधल्या स्दे तेमान छावणीत एका बंद्यावर अत्याचार केल्याच्या संशयावरून जुलै २०२४ मध्ये राखीव सैनिकांना ताब्यात घ्यायला लष्करी पोलीस गेले तेव्हा संशयितांच्या बाजूने जमाव छावणीत घुसला आणि त्यात संसद सदस्यही होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच जणांवर आरोपपत्र दाखल झाले, पण त्या घटनेची चित्रफीत बाहेर जाऊ दिल्याच्या कबुलीनंतर लष्कराच्या मुख्य कायदा अधिकारी इफात तोमेर-येरुशाल्मी यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये पद सोडावे लागले आणि पुढे त्यांना अटक झाली, आणि देशाचा संताप अत्याचारापेक्षा चित्रफितीवरच अधिक निघाला. इस्रायली कोठडीत किमान ७५ पॅलेस्टिनी मरण पावल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने सप्टेंबर २०२५ पर्यंत केली होती. त्याच महिन्यात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने सरकारला सुनावले की पॅलेस्टिनी सुरक्षा कैद्यांना जगण्यापुरते पुरेसे अन्न देण्याचे कायदेशीर कर्तव्य ते पाळत नाही. युद्ध चालू असताना, शत्रूच्या कैद्याला पोटभर मिळावे असे स्वतःच्या सरकारला सांगणारे दोन न्यायाधीश त्या देशात निघाले, हेही नोंदवले पाहिजे.

दुसऱ्या बाजूची नोंद याहून सौम्य शब्दांत करण्याचे कारण नाही. ओलीस धरणे हा १९४९ च्या जिनिव्हा करारांच्या सामाईक तिसऱ्या अनुच्छेदाने सर्व परिस्थितींत निषिद्ध ठरवलेला गुन्हा आहे, आणि ओलिसांत अर्भके, वृद्ध आणि परदेशी शेतमजूर होते. त्यांनाही रेड क्रॉसची भेट नाकारली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये हमासनेच प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत एका ओलिसाचे शरीर उपासमारीने हाडांवर आलेले दिसत होते, आणि ती चित्रफीत काढणाऱ्यांना ती दाखवण्याची लाज वाटली नव्हती. पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या कोठड्याही निर्मळ नाहीत : प्राधिकरणाचे कडवे टीकाकार निझार बनात यांना जून २०२१ मध्ये हेब्रॉनमध्ये त्याच्याच सुरक्षा दलाने मारहाण करत उचलून नेले आणि काही तासांत ते मरण पावले. ताबा घेणारा बलाढ्य देश आणि ताब्याखालचा समाज यांची जबाबदारी सारखी नाही, एकाच्या हातात तुरुंगांची अख्खी यंत्रणा आहे आणि दुसऱ्याच्या हातात भुयारे, हे खरे. पण भुयारात साखळीने बांधलेल्या माणसाला या फरकाने काही मिळत नाही.

भारताच्या संसदेने हे सारे जगाला ऐकवायचे ठरवले, तर पहिला प्रश्न परभणीतून येईल. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यानंतर उसळलेल्या आंदोलनात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमांचा उल्लेख आला, तरीही पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवला जावा यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जुलै २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला आणि राज्य सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आले. त्याच परभणीचा ख्वाजा युनूस हा अभियंता घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात जानेवारी २००३ मध्ये मुंबई पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. तो पळून गेला असे पोलिसांनी सांगितले, आणि त्याच्या आईला पुढची कित्येक वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून दिले आहेत आणि २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्यास सांगितले आहे. नियमांची उणीव नाही. उणीव आहे ती छळ हा स्वतंत्र गुन्हा मानणाऱ्या कायद्याची.

असा कायदा होता होता राहिला. छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेने ६ मे २०१० रोजी, म्हणजे कसाबला फाशीची शिक्षा सुनावली गेली नेमक्या त्याच दिवशी, मंजूर केले. ते सदोष होते, छळाची व्याख्या अरुंद होती आणि तक्रारीला सहा महिन्यांची मुदत घातली होती, म्हणून राज्यसभेने ते प्रवर समितीकडे दिले. समितीने त्याच वर्षी डिसेंबरात बऱ्याच सुधारणांसह अहवाल दिला. मग ते विधेयक राज्यसभेत पडून राहिले आणि २०१४ मध्ये पंधराव्या लोकसभेबरोबर संपले. गृह खात्याचे हे विधेयक शेवटची पावणेदोन वर्षे सोलापूरच्याच गृहमंत्र्यांच्या कारकिर्दीत पडून होते, हे या शहराने विसरू नये. विधी आयोगाने ऑक्टोबर २०१७ मध्ये आपल्या २७३ व्या अहवालासोबत नवा मसुदा सरकारला दिला, त्यावरही काही झाले नाही. प्रवर समितीचे अध्यक्ष राहिलेले अश्वनी कुमार सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कायदा करायला संसदेला भाग पाडता येत नाही असे सांगून न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये तो विषय संपवला. दोन्ही प्रमुख आघाड्यांनी यावर सत्तेत असताना मौन पाळले आहे, त्यामुळे एका पक्षाच्या सदस्यांना दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोय इथे उरलेली नाही.

सरकारी बाजूने दिले जाणारे उत्तर असे की कबुलीसाठी इजा करणे हा प्रचलित दंडसंहितेतही गुन्हा आहेच, मग नवा कायदा कशाला. त्याला प्रत्युत्तर असे की त्या तरतुदीत मानसिक छळ येत नाही, आणि लोकसेवकावर खटला भरायला सरकारची पूर्वपरवानगी लागते ती मिळेपर्यंत साक्षीदार म्हातारे होतात. कोठडीत शाबूत गेलेला माणूस जखमी निघाला तर त्या जखमा पोलिसांनीच केल्या असे गृहीत धरून खुलाशाचा भार त्यांच्यावर टाकावा, ही विधी आयोगाची १९८५ पासूनची शिफारस २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आलेली नाही. दुसरे उत्तर पोलिसांच्या मनोधैर्याचे असते. ओंबळे यांचे मनोधैर्य मारहाणीच्या परवानगीवर उभे नव्हते, यापलीकडे त्यावर बोलण्याची गरज नाही.

ज्यांना तत्त्वाची भाषा रुचत नाही त्यांच्यासाठी व्यवहाराची भाषाही आहे. पुरुलियात १९९५ मध्ये विमानातून शस्त्रे टाकणाऱ्या टोळीतला डॅनिश आरोपी भारताच्या हवाली करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला, कारण भारतीय कोठडीत छळ होण्याचा धोका न्यायालयाला खरा वाटला. पुढे २०२४ मध्येही तेच झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने शस्त्रदलाल संजय भंडारी याला भारताच्या हवाली करण्यास नकार देताना तिहार तुरुंगातल्या हिंसेचे कारण पुढे केले. २६ नोव्हेंबरच्या कटातला तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून भारतात आणला गेला, पण तोही भारतात छळ होईल हाच मुद्दा घेऊन अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला होता. अनुसमर्थन न केल्याचा लाभ कोणाला होतो याचे उत्तर या तीन प्रकरणांत आहे.

म्हणून आपणांकडे मागणे मोजके आहे. पक्ष कोणताही असो, गाझावरचे मत कोणतेही असो, येत्या अधिवेशनात आपल्यापैकी प्रत्येकाने गृह मंत्रालयाला लेखी प्रश्न विचारावा की छळविरोधी कराराचे अनुसमर्थन कोणत्या कारणाने आणि कोणाच्या टेबलावर अडले आहे, आणि आलेले उत्तर आपल्या मतदारसंघात मराठीत छापून वाटावे. विधी आयोगाचा २०१७ चा मसुदा तयार आहे. तो अशासकीय विधेयक म्हणून मांडायला पक्षाच्या नेतृत्वाची संमती लागत नाही, आणि लोकसभेत शुक्रवारची दुपार अशा विधेयकांसाठीच राखून ठेवलेली असते. इस्रायलच्या तुरुंगांविषयी ज्या सदस्यांना तळमळ आहे त्यांनी हे विधेयक मांडावे, आणि गाझाच्या भुयारांत डांबल्या गेलेल्या ओलिसांविषयी ज्यांना तळमळ होती त्यांनी त्याला अनुमोदन द्यावे, किंवा याच्या उलट करावे. पुढच्या १२ जानेवारीला चार हुतात्मा चौकात हार घालण्यासाठी आपल्यापैकी जे कोणी सोलापूरला येतील, त्यांनी त्या वेळी या विधेयकाचा क्रमांक सोबत आणावा, अशी विनंती.

सोलापूर